जॉइंट शाफ्टचा गोल झालेला बोल्ट कसा काढायचा

बोलेरो, पिकअप, सुमो, ओम्नी, ईको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या गिअरांच्या डब्यापर्यंत, जॉइंट शाफ्ट जातो. त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे सांधे असतात. पांदण रस्त्याच्या खड्ड्यांतून आणि चिखलातून वर्ष-दोन वर्षं गाडी चालली की क्रॉसमधलं ग्रीस संपतं आणि सुयांसारखे बारीक रोलर कोरडे फिरू लागतात. मग क्लच सोडताना 'टक्' असा आवाज येतो, रिव्हर्सवरून पहिल्या गिअरला घेताना तो आणखी स्पष्ट ऐकू येतो, आणि क्रॉसच्या टोपीभोवती लालसर भुकटी दिसते. क्रॉस बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. शाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लँजचे (शाफ्ट आणि हौसिंग जोडणाऱ्या चकत्यांचे) चार बोल्ट सोडायचे, शाफ्ट खाली घ्यायचा, सर्किलप (टोपी अडकवणारी स्प्रिंगची कडी) काढून जुना क्रॉस ठोकून नवा बसवायचा.

काम अडतं ते बहुधा त्या चारपैकी एका बोल्टावर. तीन सुटतात, चौथ्याचं डोकं गोल होतं आणि पाना नुसता फिरत राहतो. हा लेख त्या चौथ्या बोल्टासाठी आहे. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी: बोल्ट वाचवायचा नाही, फ्लँज वाचवायचा आहे. बोल्ट तालुक्याच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. फ्लँजला चीर गेली किंवा भोक मोठं झालं तर हौसिंगचं काम निघतं. म्हणून सौम्य उपाय आधी, कठोर उपाय नंतर, आणि कोणताही उपाय असा करायचा की तो फसला तरी पुढच्यासाठी बोल्टावर काही शिल्लक राहील.

गाडी आधी पक्की करा

या भागात घाई अजिबात नको, कारण इथे जीव जातो.

जॉइंट शाफ्ट सुटला की इंजिनाचा मागच्या चाकांशी संबंध संपतो. तुम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवलेली असली तरी शेवटचा बोल्ट निघताच ती गिअरवर उभी राहत नाही. किंचित उतार असला तरी चालू लागते. याहून फसवी गोष्ट म्हणजे, मागचं एकच चाक जॅकवर उचललं असेल तर शाफ्ट जोडलेला असतानाही गिअरचा आधार धरू नये. उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकतं, कारण डिफरन्शिअलची, म्हणजे हौसिंगमधल्या दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांची, रचनाच तशी आहे. तेव्हा हँडब्रेक ओढा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी उचलायची असेल तर जॅक फक्त उचलण्यापुरता वापरा, खाली जाण्याआधी एक्सलखाली लोखंडी स्टँड द्या. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका, वीट भार आला की अचानक फुटते.

काळ्या मातीवर तर काम करूच नये. कोरडी दिसली तरी जॅकचा पाय त्या मातीत रुततो, आणि पावसाळ्यात स्टँडही तिरपा होतो. सिमेंटचा ओटा, ग्रामपंचायतीसमोरचा पक्का रस्ता, जिनिंगच्या आवारातली फरशी, जे पक्कं मिळेल तिथे गाडी न्या.

बोल्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर एकाच रेषेत छिन्नीची बारीक खूण किंवा रंगाची रेघ मारा. शाफ्ट कारखान्यात तोलून बसवलेला असतो. उलटा जोडला तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि नवा क्रॉसही लवकर जातो.

बोल्टाला नेमकं काय झालंय ते पाहा

गावात सगळ्याला मिळून 'बोल्ट स्लिप झाला' म्हणतात, पण त्यात तीन वेगळे बिघाड येतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिला, डोकं किंवा नटाचे कोपरे झिजून गोल झालेत, पण आटे शाबूत आहेत. इथे फक्त पकड हवी असते. दुसरा, पाना पकडतो, बोल्ट फिरतोही, पण बाहेर येत नाही. म्हणजे आटे गेलेत, किंवा पलीकडचं डोकं सोबत फिरतंय. आधी दुसऱ्या बाजूला पाना लावून ते थांबवा. तरी फिरतच राहिला तर नटाखाली पेचकस किंवा पातळ पहार खुपसून नट मागे ओढत ओढत फिरवा, म्हणजे उरलेले आटे पकडतात. तिसरा, बोल्ट मोडून आत राहिलाय. त्याचं शेवटी सांगतो.

डोकं गोल होण्याचं कारण बहुतेक वेळा गंज नसतो, चुकीचा पाना असतो. मारुतीच्या गाड्यांवर बोल्टाच्या डोक्याची १०, १२, १४ आणि १७ ही मापं जास्त दिसतात, टाटा-महिंद्रावर १०, १३, १७ आणि १९. बारा एमएम डोक्याच्या बोल्टावर तेराचा पाना 'बसतो' खरा, पण कोपऱ्यांवर. जुन्या जीपवर इंची मापं असतात, म्हणून कित्येक घरांत अर्ध्या इंचाचा पाना सापडतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. बारावर तो लावला की पाऊण एमएमची ढिलाई राहते आणि पहिल्याच हिसक्याला कोपरे जातात. दुसरं कारण म्हणजे बारा कोनांचा रिंग पाना. तो पटकन बसतो, पण जोर नेमका कोपऱ्यांवर देतो. सहा कोनांची गोटी (सॉकेट) सपाट बाजूंना दाबते. जॉइंट शाफ्टच्या कामासाठी एकच नवी वस्तू घेणार असाल तर आपल्या गाडीच्या मापाची सहा कोनी गोटी घ्या.

आमच्याकडे एक वेल्डिंगवाला दादा शिकाऊ पोरांना सांगत असतो, "पाना बसते का नाही ते पाह्य आंधी, मंग जोर लाव." पाना लावून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचा. हाताला खेळ जाणवला तर तो पाना खाली ठेवायचा.

साफसफाई आणि तेल

कंटाळवाणं काम, पण निम्मे बोल्ट इथेच सुटतात. फ्लँजवर चिखल, ग्रीस आणि धूळ यांचा दगडासारखा थर असतो. तो तारेच्या ब्रशने आणि जुन्या हेक्सॉ ब्लेडच्या टोकाने खरवडा. नटाच्या मुळाशी, जिथे तो फ्लँजला टेकतो तिथे, आणि बोल्टाचे बाहेर आलेले आटे पूर्ण साफ झाले पाहिजेत. त्या आट्यांमध्ये वाळलेली माती राहिली तर नट सुटता सुटता तिच्यावरच आवळतो.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा काठच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. खारट पाणी फटीत राहतं आणि गंज आतपर्यंत जातो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट आणि बोल्ट यांच्यामध्ये तो पाचरीसारखा बसतो.

साफ केल्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतो. त्यापेक्षा खास गंजासाठी बनवलेला स्प्रे मिळाला तर उत्तम. एसीटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं काम होतं, मात्र एसीटोन भडकतो, जवळ विडी किंवा ठिणगी नको. काहीच नसेल तर डिझेल लावा, ते हळू झिरपतं पण झिरपतं. रात्री एकदा, पहाटे एकदा, मग दुपारी काम सुरू करा. तेल लावल्यावर बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, मध्यम ठोके द्या. गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

पकड परत मिळवणे

आता पाना. आधी बोल्ट किंचित आवळायचा प्रयत्न करा, अगदी जरासा. गंज दोन्ही दिशांनी तुटतो, आणि आवळण्याच्या बाजूचे कोपरे बहुधा अजून धडधाकट असतात. 'कुर्र' असा आवाज आला की समजा काम झालं. मग सोडा, पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, पुन्हा तेल. एका दमात बाहेर ओढायला गेलात तर सुटलेल्या गंजाची भुकटी आट्यांत अडकून बोल्ट पुन्हा बसतो.

सहा कोनी गोटी सैल असेल तर तिच्याहून एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा. चौदाचं डोकं झिजून साडेतेरा झालं असेल तर तेराची गोटी ठोकल्यावर घट्ट बसते. गोटी जुनी वापरा, ती नंतर काढायला त्रास देते. गोल डोक्यांसाठी आतून उलट पिळाची धार असलेल्या खास गोट्याही मिळतात, त्या डावीकडे फिरवल्या की डोक्यात रुततात. नागपूर-अमरावतीच्या हत्यारांच्या दुकानांत त्यांचा संच मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

गोटी घालायला जागाच नसेल, आणि फ्लँजच्या मागे क्रॉसची मान आडवी येते तेव्हा नसतेच, तर कानस घ्या. डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून एक माप लहान करा, चौदाचा तेरा, सतराचा सोळा. दोन्ही बाजू सारख्या आणि समांतर हव्यात. दर दहा-बारा घासांनंतर फिक्स पाना लावून पाहा. पाना अडकत अडकत, हाताच्या दाबाने बसला पाहिजे. सैल बसला तर इतकी मेहनत वाया जाईल. पाठीवर झोपून हे करायला अर्धा तास लागतो, डोळ्यांत कण पडतात म्हणून चष्मा हवाच. माझ्या मते नवख्या माणसासाठी हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, कारण यात मोडण्यासारखं काहीच नाही.

कुलूप लागणारा ग्रिप प्लायर हा इथे तिसरा उपाय. पूर्ण ताकदीने आवळलेला, दात डोक्याच्या कडेला, आणि फिरवताना जबडा बंद होण्याच्या दिशेने जोर. एकदा घसरला तर पुन्हा पुन्हा लावू नका. प्रत्येक घसरण डोकं आणखी गुळगुळीत करते. साध्या पकडीने तर हा प्रयत्न करूच नये.

पान्याला पाइप लावायचा मोह इथे होतो. हिशेब पाहा: एक फुटी पान्याच्या टोकाला २० किलोचा दाब म्हणजे साधारण ६० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप). तीन फुटी पाइपाला ६० किलोचा माणूस लटकला की पाचशेच्या वर. दहा एमएम जाडीचा बोल्ट त्याच्या पाचव्या हिश्शातही मोडू शकतो. गाडीखाली झोपलेला माणूस पाइप ओढताना गाडीही हलवतो, हे वेगळंच.

छिन्नी

पकड मिळत नसेल तर डोक्याच्या कडेवर छिन्नीने आधी सरळ ठोकून खाच पाडा. मग छिन्नी तिरपी धरून, बोल्ट सुटण्याच्या दिशेने, त्या खाचेत ठोके द्या. खालून डोक्याकडे पाहताना सुटण्याची दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलट. पण तुम्ही नटावर काम करत असाल तर नटाकडे तोंड करून ही दिशा ठरवा. फ्लँजच्या विरुद्ध बाजूने पाहताना भलेभले गोंधळतात. छिन्नीला धार हवी आणि तिचं डोकं पसरून मशरूम झालेलं नको, त्याचे तुकडे उडतात.

आग आणि वेल्डिंग

गरम केल्याने नट फुगतो. दहा एमएमच्या भोकात ३०० अंश वाढले तर फरक पडतो सुमारे ०.०३५ एमएम. ऐकायला क्षुल्लक, पण गंजाचा थर तोडायला तेवढं पुरतं. बोल्टाला आट्यांवरचा डिंक, म्हणजे थ्रेडलॉकर लावलेला असेल तर तोही साधारण २५० अंशांना नरम पडतो. गरम करायचा तो नट. बोल्ट तापवला तर तोच फुगून जास्त आवळतो.

पण मागच्या फ्लँजच्या लगेच मागे पिनियनचं (फ्लँज ज्याच्यावर बसतो त्या गिअरचं) ऑइल सील असतं, आणि ते रबराचं असतं. फ्लँज पूर्ण तापला की सील कडक होऊन तडकतं आणि महिन्याभरात हौसिंगमधून तेल गळायला लागतं. म्हणून फ्लँजच्या मुळाशी ओलं फडकं गुंडाळा, ज्योत फक्त नटावर धरा, नटावर निळसर झाक आली की थांबा आणि लगेच पाना लावा. वरून डिझेलचा पाइप, ब्रेकची नळी किंवा वायरिंग जात असेल तर आधी बाजूला बांधा. सीएनजी किंवा एलपीजीची गाडी असेल, टाकी जवळ असेल, तर आग आणि ठिणगी दोन्ही सोडून द्या. अंगणात कुटार, तुराट्या, पऱ्हाटीचा ढीग असेल तिथे उन्हाळ्यात हे काम करू नका. पाण्याची बादली आणि रेती जवळ असू द्या. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवताना पांढरा धूर निघतो, तो श्वासात घेऊ नका.

गावात वेल्डिंगचं मशीन असेल तर माझी पसंती नट वेल्ड करण्याला आहे. गोल झालेल्या डोक्यावर एक मोठा नट ठेवायचा आणि त्याच्या भोकातून आतल्या आत वेल्ड भरायचा. बारा नंबरचा, म्हणजे अडीच एमएमचा रॉड यासाठी बरा. नवीन कोपरे मिळतात आणि उष्णता थेट बोल्टात उतरते, दोन्ही कामं एकदम. बोल्ट आधी फुगतो खरा, पण निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. लाल रंग गेला, पण अजून हात लावता येत नाही, अशा वेळी पाना लावा. एकदा वेल्ड तुटला तर दुसऱ्यांदा करा. बोल्ट सैल व्हायला दुसऱ्या-तिसऱ्या वेळचा ताप उपयोगी पडतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आणि अर्थिंगचा चिमटा त्याच फ्लँजवर, बोल्टाच्या शक्य तितक्या जवळ लावा. तो चेसिसवर लावला तर करंट हौसिंगच्या बेअरिंगमधून परत जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर ठिणगीचे डाग पडतात. वेल्डिंगवाला घाईत असला तरी हे त्याला स्वतः सांगा.

कापून टाकणे

आरपार बोल्ट आणि पलीकडे नट अशी रचना असेल तर खरं म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. नट कापा. चार इंची ग्राइंडरला एक एमएमची पातळ चकती लावा, नटाच्या एका सपाट बाजूवर बोल्टाच्या लांबीच्या दिशेने काप घ्या, आट्यांपर्यंत पोचण्याच्या जरा आधी थांबा. मग त्या कापात छिन्नी ठेवून ठोकली की नट फाटून उघडतो. ठिणग्या कुठे जातात ते आधी पाहा, फ्लँजला चकती लागू देऊ नका, ग्राइंडरचं कव्हर काढलेलं असेल तर ते परत लावा. नंतर बोल्ट पितळी किंवा मऊ लोखंडी पंचाने बाहेर ठोका.

बोल्ट मोडून आत राहिला तर

बोल्ट फ्लँजमध्येच आटे पाडून बसवलेला असेल आणि तो मोडला तर सेंटर पंचने बरोबर मध्ये खूण करा. तीन एमएमने सुरुवात, मग पाच, मग साडेसहा, ड्रिल हळू फिरवा आणि तेल देत राहा. उलट फिरणारा बिट मिळाला तर फार चांगलं, कारण कित्येकदा ड्रिल करतानाच बोल्ट फिरून बाहेर येतो. नंतर आटे साफ करायला त्याच मापाचा टॅप (आटे पाडणारं हत्यार) मारा. टॅप सरळ जात नसेल, किंवा भोक बाजूला गेलं असेल, तर तिथेच थांबा.

इझी-आउट नावाचा उलट पिळाचा काढणारा खिळा बाजारात स्वस्त मिळतो. आठ एमएमपेक्षा कमी जाडीच्या बोल्टात नवख्याने तो घालू नये असं मला मनापासून वाटतं. तो फार कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साध्या बिटने त्याला भोक पडत नाही, आणि मग लेथवाल्याकडे जाण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्समध्ये बोल्ट मोडला असेल तर त्या कामाला घरी हातच लावू नका.

हौसिंगचं तेलही याच वेळी बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा: भरायचा वरचा प्लग आधी सोडून पाहा, मगच खालचा काढा. वरचा प्लग गोल झाला आणि तेल आधीच सांडलेलं असलं, तर गाडी जागेवरून हलत नाही.

नवा बोल्ट बसवताना

कापलेला बोल्ट फेकू नका, नमुना म्हणून खिशात ठेवा आणि दुकानात तोच दाखवा. व्यास, लांबी, आट्यांची बारकाई आणि आट्यांविना गुळगुळीत भाग किती आहे, हे सगळं जुळलं पाहिजे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. १०.९ च्या जागी साधा हार्डवेअरचा बोल्ट लावला तर तो चालत्या गाडीत कातरला जातो, आणि सुटलेला शाफ्ट रस्त्यावर आपटून गाडी उलटवू शकतो. एक गोल झाला असला तरी चारही बोल्ट आणि नट नवे टाका.

फ्लँजची तोंडं तारेच्या ब्रशने चकचकीत करा, रंगाच्या खुणा जुळवा, चारही नट आधी हाताने बसवा आणि मग समोरासमोर असे थोडे थोडे आवळा. आवळण्याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) कुणाकडून तरी मागून आणा. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण ग्रीसमुळे त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पूर्ण आवळल्यावर बाहेर आलेल्या आट्यांवर मात्र ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी गंज चढलेला नसेल. शेवटी प्रत्येक नटावरून फ्लँजवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की खाली वाकून पाहा: रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली तर तो नट ढिला होतोय, आणि त्या गाडीत तोवर कापसाचा बोजा भरायचा नाही.